विहिरीतला दगड आणि पिशवीतला दगड

रिपोर्टात तांबं ६.२ टक्के होतं, जस्त ११.४ टक्के आणि शिसं ०.०४ टक्के. चालत्या खाणीत तांबं दीड-दोन टक्के आणि जस्त चार-पाच टक्के भरलं तरी मालक खूश असतो. त्यामुळे हे आकडे वाचल्यावर मी आधी चष्मा पुसला आणि मग कागद उलटा करून पाहिला. मागे बारीक अक्षरात नेहमीचं वाक्य होतं: नमुना जसा मिळाला तसा तपासला आहे. म्हणजे दगड कुठून आला, कोणी उचलला, याच्याशी प्रयोगशाळेचा संबंध नाही. हे वाक्य प्रत्येक रिपोर्टावर असतं आणि ते कोणी वाचत नाही.

रिपोर्ट देवगड तालुक्यातल्या एका वाडीतल्या विहिरीचा म्हणून माझ्यापुढे ठेवला होता. विहीर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे लाल दगडाच्या उघड्या पठारावर, आंब्याच्या कलमांच्या मागे.

कोकणात भूवैज्ञानिकाला दोनच वेळा बोलावतात. पाणाड्याचा नारळ चुकला की, आणि चिरेखाणीच्या फाईलला एखादा कागद कमी पडला की. माझं बाराही महिन्यांचं काम हेच. तांब्या-जस्ताचं कोणी विचारत नाही, कारण विचारण्यासारखं इथे फारसं काही नाही. म्हणून विहिरीचे मालक तात्या यांचा फोन आला तेव्हा मी जरा उत्साहातच गेले. त्या उत्साहाने पुढे काय झालं ते शेवटी येईलच.

विहीर मार्चमध्ये खणली होती, चौदा मीटर. वरचा नऊ मीटर जांभा, त्याखाली अडीच मीटर पांढरी-गुलाबी चिकण माती. साडेअकरा मीटरवर काळपट करडा थर लागला तो साडेतेरापर्यंत, आणि तळाला कुजकट बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड. या काळ्या थरात कोळशासारखी लाकडं होती, काहींवर सालीच्या रेषासुद्धा दिसत होत्या. आणि त्या लाकडांच्या धाग्यांमध्ये पितळी रंगाचे, मुठीएवढे चकाकणारे गोळे.

गोळे वर आल्यावर पंधरा दिवसांत खाणपट्टा मिळवून देतो म्हणणारा एजंट हजर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकण सगळं लाव्ह्याचं आहे, सायप्रसमध्ये तांबं लाव्ह्यातच सापडतं, जगातले कितीतरी मोठे तांबं-जस्ताचे साठे ज्वालामुखी खडकांत आहेत, आणि सड्यावरचा लाल जांभा म्हणजे त्या साठ्याचं गंजलेलं टोपण. विहीर आणखी चार मीटर खोल केली की मुख्य साठा लागेल. तोवर शेजारपाजाऱ्यांसकट संमतीपत्रं करून द्या आणि फाईलचा खर्च एकरी अमुक.

या माणसाला नुसता लबाड म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचं निम्मं बोलणं खरं आहे. ज्वालामुखी खडकांतले गंधकी धातुसाठे, ज्यांना आमच्या धंद्यात सगळे व्हीएमएस म्हणतात, ते लाव्ह्यातच असतात. सायप्रसचं तर नावच तांब्याशी जोडलेलं. स्पेन-पोर्तुगालचा पट्टा, कॅनडातलं किड क्रीक, जपानमधले कुरोको साठे, सगळे याच जातीचे. पण एक अट त्याने गाळली होती, आणि ती अट गाळली की उरलेलं सगळं निरुपयोगी होतं. लाव्हा समुद्राच्या तळाशी, डोक्यावर भरपूर पाणी असताना बाहेर पडलेला हवा.

दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उघड्या जमिनीवर पसरला. पुरावा घाटात गाडी थांबवून बघता येतो. दोन थरांच्या मधे विटकरी मातीचे पट्टे असतात, म्हणजे एक थर ओतून झाल्यावर तो हवेत, पावसात कुजत पडला होता आणि मग पुढचा आला. पाण्यात थिजलेला लाव्हा उशांसारखे गोल गोळे करतो. तसा मुंबईत सापडतो, पण तिथलं पाणी उथळ तळ्या-खाडीचं होतं. देवगडच्या सड्याखाली असलं काही नाही.

दक्षिणेला रेडीकडे गेलं की गोष्ट बदलते. तिथलं लोहखनिज दख्खनच्या आधीच्या, धारवाड काळातल्या खडकांतलं आहे. त्याच मोठ्या कुटुंबातल्या खडकांत कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इंगळढाळला तांब्याचा असा साठा होता आणि तिथे खाणही चालली. एजंटाने रेडीच्या आसपासचं एखादं शेत दाखवलं असतं तर मी त्याचं म्हणणं आणखी तासभर ऐकलं असतं.

आता त्याची बंदूक. हातात धरायचं, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं एक्सआरएफ यंत्र. चाप ओढला की अर्ध्या मिनिटात पडद्यावर मूलद्रव्यांची यादी. यंत्र उत्तम आहे, माझ्याकडेही भाड्याने येतं. पण ते ज्याच्या हातात असतं त्याच्या अकलेपेक्षा जास्त हुशार नसतं. त्याने ते ओल्या जांभ्यावर, मातीने बरबटलेल्या काचेसकट लावलं होतं आणि मोबाइलवर फोटो काढून तात्यांना पाठवले होते. तांबं २४०. कोबाल्ट ६१०. आर्सेनिक १८.

२४० काय? दशलक्षात २४० भाग. म्हणजे ०.०२४ टक्के. दख्खनच्या साध्या, कुठल्याही बेसाल्टमध्ये तांबं दशलक्षात शंभर ते अडीचशे भाग असतंच. आपल्या घराच्या पायथ्याचा काळा दगडसुद्धा तेवढंच दाखवेल. त्यात जांभ्यात मँगनीजच्या काळ्या पुटाचे डाग असले की ते पूट तांबं, कोबाल्ट, जस्त धरून ठेवतं आणि आकडा आणखी चढतो. काळा डाग टाळून, दगड फोडून ताज्या पृष्ठभागावर, वाळवून मोजायचं असतं, आणि एका दगडावर निदान पाच ठिकाणी.

कोबाल्टचे ६१० तर निव्वळ भूत. लोखंडाची एक क्ष-किरण रेषा ७.०६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पडते आणि कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ ला. जिथे तीस-चाळीस टक्के लोखंड आहे तिथे लोखंडाच्या रेषेचा पायथा कोबाल्टवर सांडतो आणि यंत्र नसलेलं कोबाल्ट छापतं. आर्सेनिक आणि शिशाचंही तसंच, १०.५४ आणि १०.५५. दोघांपैकी एक भरपूर असेल तर दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यातच राहते. आमच्याच धंद्यातले काही जण गावकऱ्यांसमोर बंदूक चालवून टाळ्या घेतात तेव्हा मला या पुस्तिकेची आठवण होते.

जांभा आणि गंधकी साठ्याचं गंजलेलं टोपण, म्हणजे गॉसन, यांत गोंधळ होणं मात्र समजू शकतं. दोन्ही लाल-पिवळे, दोन्ही जड, दोन्ही भोकाभोकांचे. ओळखायचं ते भोकांवरून. जांभ्याची भोकं अळीने पोखरल्यासारखी वेडीवाकडी, आत पांढरी-पिवळी माती. गॉसनमध्ये मूळ गंधकी खनिज विरघळून गेलेलं असतं आणि त्याच्या फटींत जमलेल्या लोहाच्या पातळ भिंती तेवढ्या उरतात, मधाच्या पोळ्यासारख्या पण कोनाकोनांच्या. गॉसन साठ्याच्या दिशेने अरुंद पट्ट्यासारखं धावतं. जांभा सगळ्या सड्यावर गोधडीसारखा पसरतो, खाली काय आहे त्याची पर्वा न करता. आणि रसायन बघायचं तर गॉसनमध्ये तांबं-जस्त शोधण्यात अर्थ नसतो, ते पावसाने धुऊन जातं. मागे हट्टाने राहतं ते शिसं, आर्सेनिक, अँटिमनी, बेरियम, बिस्मथ. तात्यांच्या जांभ्यात यातलं काही म्हणण्यासारखं नव्हतं. होतं ते टायटॅनियम, दोन टक्क्यांच्या वर, शिवाय क्रोमियम आणि व्हॅनेडियम. म्हणजे बेसाल्ट कुजून झालेला जांभा, आजूबाजूच्या चिरेखाणींत निघतो तोच.

इथवरचं काम पहिल्या दिवशी तासाभरात आटोपलं. मग गोळे.

तात्या म्हणाले, "सोना नसात, पण तांबा तरी आसतला मां?"

चाकूच्या टोकाने ओरखडा काढला. उठला नाही. तांब्याचं खनिज सुवर्णमाक्षिक, म्हणजे चाल्कोपायराइट, चाकूने सहज खरवडतो, त्याची कठीणता दहाच्या मापावर साडेतीन ते चार. पायराइट आणि मार्कासाइट ही लोह-गंधकाची खनिजं सहाच्या वर, चाकू घसरतो. सोनं तर हातोड्याखाली चपटं होतं, फुटत नाही. पांढऱ्या कपच्या उलट्या बाजूवर घासून रेघ बघायची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण पायराइट आणि चाल्कोपायराइट दोन्हींची रेघ हिरवट काळीच येते. सोन्याची मात्र पिवळी. तात्यांचे गोळे आतून तंतूंसारखे, केंद्रापासून बाहेर पसरलेले, रंग पायराइटपेक्षा फिका. मार्कासाइट. लोह आणि गंधक, बाकी काही नाही. बाजारात किंमत शून्य.

तो तिथे आला कसा हेही त्या थरातच लिहिलेलं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली ठिकठिकाणी असा लिग्नाइटचा, म्हणजे कच्च्या कोळशाचा, दलदलीचा थर विहिरींत लागतो. खाडीकाठची झाडं गाळात पुरली गेली, खाऱ्या पाण्यातलं सल्फेट जिवाणूंनी कुजक्या लाकडाच्या जोरावर मोडलं, त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड चिखलातल्या लोहाला भेटला. सगळं थंड, हातपाय न भाजता. समुद्रतळाच्या साठ्यातलं पायराइट आणि हे मार्कासाइट रसायनाने एकच, पण एकाचं गाव भट्टी आणि दुसऱ्याचं चिखल.

मग सहा टक्के तांबं आलं कुठून?

एजंटाने तपासायला पाठवलेल्या दगडाचा उरलेला तुकडा तात्यांकडेच होता, किराणा दुकानाच्या जाड कापडी पिशवीत. पिशवी उचलली तेव्हाच हाताला कळलं. मासळीच्या डिजिटल काट्याला दोऱ्याने टांगून वजन केलं, ७४२ ग्रॅम. मग दोरीसकट बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकू देता, ५६१. फरक १८१. ७४२ भागिले १८१, घनता ४.१. बेसाल्टची २.९ असते. एवढ्याच आकाराचा घरचा काळा दगड सव्वापाचशे ग्रॅम भरला असता.

हा दगड अस्सल होता. मी गेल्या कित्येक वर्षांत हातात घेतलेला सगळ्यात देखणा व्हीएमएसचा तुकडा, आणि तो मला देवगडला बाजाराच्या पिशवीत मिळाला.

पाण्याने धुऊन, करवतीने कापून घेतलेल्या बाजूवर पट्टे दिसले. मधासारख्या तपकिरी स्फॅलेराइटचे, म्हणजे जस्ताच्या खनिजाचे, आणि पिवळ्या चाल्कोपायराइटचे, एकाआड एक, बोटाच्या पेराएवढे रुंद. स्फॅलेराइट ओळखायची खूण घरगुती आहे. भुकटी करून तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की सडक्या अंड्याचा वास येतो. तात्यांच्या सूनबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, म्हणजे चाचणी यशस्वी. पट्ट्यांमध्ये पायराइटचे चार-पाच मिलिमीटरचे ठोकळे, कोपरे झिजलेले. एका ठिकाणी चुंबक चिकटला, तिथे पायरोटाइट. आणि एका कडेला, दोन बोटं रुंद, काळपट हिरवा पापुद्र्यांचा क्लोराइट शिस्ट, ज्यात गवताच्या जुडीसारख्या पसरलेल्या करड्या काड्या होत्या. अँथोफिलाइट.

ही कडच सगळं बोलत होती.

समुद्रतळावर असा साठा बनताना काय होतं ते बघा. थंड समुद्राचं पाणी फटींतून खाली झिरपतं. दोन-तीन किलोमीटर खाली मॅग्मा असतो, त्याच्या जवळ ते तापतं. वाटेत त्यातलं मॅग्नेशियम खडकात अडकतं, सल्फेटचा बराचसा भाग अनहायड्राइट, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होऊन खाली बसतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि बेसाल्टमधलं ते किरकोळ शे-दोनशे भाग तांबं-जस्त धुऊन सोबत घेतं. म्हणजे एजंटाच्या बंदुकीने दाखवलेलं २४० इथे कामाला येतं. खडकात तांबं थोडंच असलं तरी चालतं, पण घन किलोमीटरांनी खडक धुवायला गरम खारं पाणी लागतं. ते पाणी साडेतीनशे अंशांच्या आसपास वर उसळतं. डोक्यावर एक-दोन किलोमीटर समुद्राचा दाब नसेल तर ते वाटेतच उकळतं आणि माल खालीच सांडतो. दाब असेल तर ते तळावर बाहेर पडून दोन अंशांच्या पाण्याला भेटतं आणि धातू क्षणात काळ्या धुरासारखे खाली बसतात. १९७९ मध्ये पॅसिफिकच्या तळाशी अॅल्विन पाणबुडीतल्या लोकांनी पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळली.

ढिगारा वाढत जातो. तांबं तीनशे अंशांच्या वरच्या पाण्यातून बसतं, जस्त त्याहून गार पाण्यातून. नंतरचं जास्त गरम पाणी आधी बसलेलं जस्त विरघळवून बाहेर आणि वर ढकलतं आणि त्याच्या जागी तांबं भरतं. म्हणून पोटात तांबं आणि पाठीवर जस्त. जपानी खाणकामगारांनी विज्ञानाच्या आधीच याला रंगांची नावं दिली होती, वरचं काळं खनिज, खालचं पिवळं, त्याखाली गारगोटीचं. ज्या नळीतून पाणी वर आलं तिथला खडक मात्र पार बदलतो. फेल्डस्पार नष्ट होतो, सोडियम निघून जातं, मॅग्नेशियम आणि लोह भरतं, नळीच्या मधोमध हिरवं क्लोराइट आणि बाहेर सेरिसाइट, म्हणजे बारीक अभ्रक. आम्ही साठा शोधताना धातूच्या आधी हेच शोधतो: सोडियम कुठे पळालंय. कारण साठा दोन-चारशे मीटरचा असतो आणि हा बदललेला खडक त्याच्या कितीतरी पट पसरलेला.

पुढे कोट्यवधी वर्षांत हे सगळं डोंगरांच्या रेट्यात सापडून भाजलं, तर क्लोराइटमधल्या जादा मॅग्नेशियमचं अँथोफिलाइट आणि कॉर्डिएराइट होतं. साध्या बेसाल्टला भाजलं तर हा जोड मिळत नाही. गुजरात-राजस्थानच्या सीमेवर अंबाजी-देरीला साठ्याभोवती हेच खडक आहेत.

म्हणून त्या कडेवरून मी खात्रीने सांगू शकले: हा तुकडा साठ्याच्या तळाजवळचा आहे, तांब्याकडून जस्ताकडे जाणाऱ्या सीमेवरचा, पाणी वर आलेल्या नळीला चिकटलेला. तो पुढे पाचशे अंशांच्या वर भाजला गेला आहे. दख्खनचा लाव्हा ओतल्यापासून कधी असा भाजला गेलेला नाही. म्हणजे तो तात्यांच्या विहिरीतला असूच शकत नाही, सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बेसाल्टमधला नाही.

तात्यांनी लगेच विचारलं, "मगे ह्यो धोंडो खंयसून इलो?"

तिथे माझी गाडी अडते, अजूनही. अंबाजी-देरीच्या मालात शिसं भरपूर असतं, यात ०.०४ टक्के. शिसं एवढं कमी म्हणजे खालचा खडक बेसाल्टच्या जातीचा आणि बहुधा फार जुना. इंगळढाळ म्हणावं तर इतकं जस्त आणि इतकं भाजलेपण तिथे बसत नाही. परदेशातलाही असेल. असले पॉलिश केलेले तुकडे प्रदर्शनांत विकत मिळतात, आणि कॉलेजांच्या कपाटांतून दगड गायब होणं ही काही नवी गोष्ट नाही. शिशाची समस्थानिकं मोजली तर वय आणि कुळ बरंचसं कळेल, पण त्या चाचणीचे पैसे कोण देणार? तात्यांनी का द्यावेत? एजंट देणार नाही.

आणि एजंटाला तरी माहीत होतं का? त्याने विहिरीतला गोळा पाठवला आणि वाटेत कोणीतरी पाकीट बदललं, असंही असू शकतं. मला हे पटत नाही. पण कागदावर लिहिताना मी एवढंच लिहिलं की अहवालातला नमुना आणि विहिरीतला थर यांचा भूवैज्ञानिक संबंध नाही. संमतीपत्रांबद्दल तोंडी सांगितलं: तांब्या-जस्तासारख्या मोठ्या खनिजांचे पट्टे २०१५ च्या दुरुस्तीपासून लिलावानेच दिले जातात, त्यामुळे एकरी पैसे घेऊन कोणी करून देईल अशी फाईलच अस्तित्वात नाही. तात्यांनी चौघा शेजाऱ्यांना बोलावून हे वाक्य माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

इथे हे संपायला हवं होतं.

पहिल्या दिवशी निघताना तात्यांनी देव्हाऱ्यात ठेवलेला एक गोळा दाखवला होता. मार्चपासून लाल कापडावर ठेवलेला. त्याच्यावर पांढरं, बारीक केसांसारखं मीठ फुललं होतं आणि खालच्या कापडाला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा करपल्यासारख्या. मी म्हटलं, मार्कासाइट हवेत असंच विरतं, कपाटातल्या नमुन्यांची लेबलंसुद्धा खातं. आणि चहा घेऊन निघाले.

ते भोक गंधकाम्लाने पडलं होतं, हे मला त्या क्षणी माहीत होतं. विहिरीतून काढलेला काळा थर कुठे टाकलाय, हे मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष पिशवीतल्या दगडावर होतं.

बाराव्या दिवशी तात्यांचा फोन आला. पोफळीची तीन वर्षांची रोपं शेंड्याकडून करपायला लागली होती. काळी माती सुपीक म्हणून त्यांनी चार ब्रास थर आगरात पसरला होता, त्याला पाणी विहिरीचंच. "पाणी चाखून बघलंय, आंबट लागता," असंही म्हणाले, जणू उशिरा सुचलेली किरकोळ गोष्ट. मी पीएच कागद घेऊन गेले. विहिरीत ३.२. आगरातल्या वाफ्यात पसरलेल्या थरावर गवताच्या काडीच्या रंगाचे पिवळे डाग, जॅरोसाइटचे. तो रंग दिसला की पीएच चारच्या खाली गेलाय असं समजायचं. मोटारीच्या बिडाच्या पंख्याला लाल पाझर फुटला होता. आणि एजंटाच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी विहीर तळापर्यंत उपसून खोल करणं चालू होतं, म्हणजे काळ्या थराला रोज ताजी हवा.

हिशेब सरळ आहे. एक किलो पायराइट किंवा मार्कासाइट पूर्ण गंजलं की सुमारे १.६ किलो गंधकाम्ल तयार होतं, आणि ते मारायला १.७ किलो चुनखडी लागते. थराचा नमुना दिला, गंधकी गंधक १.६ टक्के आलं, म्हणजे पायराइट तीन टक्के. चार ब्रास माती साधारण एकोणीस टन, त्यात पायराइट पावणेसहाशे किलो, चुनखडीची भुकटी जवळजवळ एक टन. जागेवर लगेच बघायचं असेल तर चमचाभर मातीवर तीस टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, हातमोजे घालून, कारण ते उकळतं. थंड झाल्यावर पीएच अडीचच्या खाली गेला की समजायचं. नुसत्या बुडबुड्यांवर जायचं नाही, पालापाचोळाही बुडबुडे काढतो. पीएच बघायचा.

भाजलेला चुना टाकायचा नाही, मुळं जळतात. चुनखडीची भुकटी, नाहीतर किनाऱ्यावर मिळणारी शिंपल्यांची पूड, बारीक दळलेली. जाड शिंपल्यांवर लोहाचं पूट चढतं आणि मग ते काम करत नाहीत. पसरलेला थर शक्य तितका खरवडून काढला, खड्ड्यात चुनखडीचे थर देऊन पुरला, वर जांभ्याची माती दाबली. विहिरीत साडेअकरा ते साडेतेरा मीटरला सिमेंटची कडी बसवून मागे चुनखडी मिसळलेली माती भरली. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: उपसा अर्ध्यावर थांबवायचा. काळा थर पाण्याखाली राहिला की त्याला हवा मिळत नाही आणि तो पुन्हा झोपतो. हे वाक्य मी पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं असतं तर ते बारा दिवसांचं पाणी आगरात गेलं नसतं, आणि मधे झालेल्या वळवाच्या दोन सरींनी ढिगाचं आम्ल खालच्या व्हाळात नेलं नसतं.

छत्तीस रोपांतली अकरा गेली. पावसाळ्यानंतर विहिरीचा पीएच ५.४ होता. प्यायला अजून नाही, शिंपायला चालेल.

आपला देश समुद्रतळावरचे असे साठे शोधतोच आहे. २०१६ साली हिंदी महासागरातल्या दहा हजार चौरस किलोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. तात्यांचा मुलगा ट्रॉलरवर जातो, त्याला मी नकाशावर ती जागा दाखवली. तो म्हणाला, तिथे जायला डिझेल परवडत नाही.

दगडाचा कापलेला पातळ काप माझ्याकडे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली स्फॅलेराइटच्या कणांत चाल्कोपायराइटचे ठिपके गोवराच्या पुरळासारखे दिसतात. उरलेला तुकडा तात्यांनी ठेवून घेतलाय. जड आहे म्हणून लाकडांवरच्या ताडपत्रीवर दाबायला. आमसुलं वाळत घातलेल्या कापडावर ठेवू नका, एवढं मी सांगून आले. एजंटाने अजून तो मागितलेला नाही.